राष्ट्र उभारायला निघालो आणि चिखलात बसलो

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं मधुमेहाला लागतात, अध्यात्माला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला लागतात. मी राष्ट्राला लागलो. ‘राष्ट्राची थोरवी त्याच्या चारित्र्यात’ या विषयावर माझं एक व्याख्यान आहे. एकच आहे, पण चांगलं पाऊण तासाचं आहे. त्यात मोठमोठी साम्राज्यं ऐषआरामात बुडतात, एक लहानसं गरीब राष्ट्र निव्वळ प्रामाणिकपणाच्या बळावर वर येतं आणि शेवटी कुठल्याशा परक्या देशात आगगाडीत विसरलेली छत्री मालकाला घरपोच मिळते. छत्रीला हमखास टाळ्या पडतात. ती छत्री मी पाहिलेली नाही. परदेशी मी एकदाच गेलो, लेकाकडे, आणि तिथला बहुतेक मुक्काम सर्दीनं पांघरुणात काढला.

हे व्याख्यान सर्वांत जास्त वेळा ऐकलंय माझ्या बायकोनं, शालननं. ती म्हणते, “तुमचं राष्ट्र मोठं होईस्तोवर माझी डाळ शिजून गार होते.” त्यामुळे गेल्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातून दशरथ मास्तरांचा फोन आला तेव्हा ती नाहीच म्हणेल असं मला वाटलं होतं. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला संगमनेरला ऐकलं होतं आणि तरीही बोलावत होते. “आमच्या गावातल्या लोकांनाबी ऐकू द्या सर. आणि बाईंना घेऊन या, डोंगर हिरवेगार झालेत.” डोंगर म्हटल्यावर शालननं लगेच बॅग भरली. तिच्या बॅगेत जुनी साडी आणि रबरी चपला होत्या. माझ्या बॅगेत परीटघडीचा पांढरा झब्बा आणि टिपणं.

राजूर

नगर जिल्हा म्हटलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ जुनी आहे) की आमच्या पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुसळं, टँकर आणि साखर कारखान्याची चिमणी येते. अकोल्याच्या पुढे गाडी चढायला लागली आणि माझं भूगोलाचं ज्ञान किती तोकडं आहे ते कळलं. डोंगरांवरून पांढऱ्या धारा सुटलेल्या, रस्त्यात ढग आडवा आलेला, आणि काचेवरचं वायपर रडकुंडीला आलेलं. “हा नगर जिल्हा?” मी म्हटलं. “तुम्ही राष्ट्रावर बोलता ना?” शालन म्हणाली.

राजूर हे वरच्या सगळ्या डोंगरगावांचं बाजाराचं गाव. त्या दिवशी बाजार होता. बायका पाटीत रानभाज्या घेऊन बसल्या होत्या, दोरीत ओवलेले जिवंत खेकडे चुळबुळत होते, आणि पेढ्यांच्या दुकानांपुढे गर्दी. राजूरचे पेढे खाल्ल्यावर मला राष्ट्राच्या चारित्र्याची परीक्षा घ्यायची हुक्की आली. माझी छत्री मी दुकानाच्या पायरीवर मुद्दाम विसरलो आणि बाजारात एक फेरी मारली. परत येतो तो छत्री गायब! मन एकीकडे खट्टू झालं आणि एकीकडे, खरं सांगतो, नव्या व्याख्यानाला विषय मिळाल्यासारखं वाटलं. मग शालननं बोट दाखवलं. एका मिरचीवाल्या म्हातारीनं माझी छत्री उघडून मिरच्यांवर धरली होती, स्वतः बाहेर भिजत.

“आजी, ही छत्री माझी आहे.”

“तुमची व्हय? मंग घ्या की. कवाची हाका मारतेय, कुनाची छत्री, कुनाची छत्री. पन जरा पाऊस उघडूस्तोवर दम धरा बाबा, मिरच्या भिजत्यात.”

दम धरला. मिरच्या कोरड्या राहिल्या आणि राष्ट्राचा परीक्षक नखशिखान्त भिजला. शालन समोरच्या दुकानात उभी राहून पेढे खात होती.

वरचं गाव

मास्तरांचं गाव राजूरच्या वर, घाटाच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी ‘आमाला पेपरात घालू नका’ असं बजावलंय. मास्तरांनी गवती चहा दिला आणि आम्ही शाळेकडे निघालो. व्हरांड्यात टेबल, टेबलावर चादर, तांब्या-भांडं, सगळं जिथल्या तिथे होतं. श्रोते तेवढे नव्हते. एक कुत्रा होता, तोही मी टिपणं काढल्यावर उठून गेला.

मास्तर बिचारे ओशाळले. “सर, चूक माझीच. मी तुम्हाला नेमकं आवणीत बोलावलं. सगळी सावडीला गेलीत. आज तर माझ्याच भातखाचरात आहेत.”

आवणी म्हणजे भाताची लावणी. आणि सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या खाचरात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि घेतलेला दिवस दिवसानं फेडायचा. कुणी कुणाला किती दिवस दिले ते सगळ्यांच्या तोंडी असतं. आमच्या सोसायटीत मागे टाकी धुवायला श्रमदान ठरलं होतं. समारोपाचं भाषण मी करणार होतो. धुवायला कुणीच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर समारोपाच्या आधी मीही गेलो नव्हतो. त्यामुळे हे ऐकून मला गहिवरून आलं. “मास्तर,” मी म्हटलं, “श्रोते येत नसतील तर व्याख्यान त्यांच्याकडे जाईल!” शालननं कपाळाला हात लावला.

भाताच्या बांधावरून चालणं ही एक विद्या आहे. ती मला येत नाही. पांढरा झब्बा सावरत मी चार पावलं टाकली आणि पाचव्याला थेट खाचरात बैठक मारली. वीस-पंचवीस बायाबापे वाकून रोप लावत होते. सगळे ताठ झाले. त्यांच्यातली एक हडकुळी म्हातारी म्हणाली, “बसा बसा पाव्हनं, गादी मऊच हाय.” ही मास्तरांची थोरली बहीण सखूआत्या. सावड चालते ती तिच्या शब्दावर.

हसणं संपल्यावर सगळी जेवायला बसली, कारण पाव्हणा पडलाच आहे तर जेवूनच घ्यावं असं ठरलं. नागलीची भाकरी, कारळ्याची चटणी आणि खेकड्यांचा रस्सा. खेकडा खायचा कसा हे मला कळेना. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि तो माझ्याकडे. शालन मात्र दोघी बायकांच्या मधे बसून नांग्या फोडत होती.

तिच्या शेजारची बाई गप्प होती. चाळिशीची असेल, हात काळे आणि लांब. तिचं नाव भागाबाई. पावसाच्या तोंडावर घरावरची कौलं चाळताना तिचा नवरा खाली पडला, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून नाशिकला दवाखान्यात होता. ती त्याच्याजवळच होती. सावडीचा फेरा सुरू झाला तेव्हा ती गावात नव्हती, म्हणून तिचा दिवस कुणाकडे निघत नव्हता, म्हणजे कुणी तिला दिवस देणं लागत नव्हतं. मास्तरांचा एक जुना दिवस तिच्याकडे होता, तो फेडायला ती आज आली होती. उद्या संध्याकाळच्या गाडीनं परत नाशिक. आणि तिचं स्वतःचं खाचर चिखल करून तसंच पडलेलं, रोप जून होत चाललेलं. जून रोप लावलं तर फुटवे येत नाहीत, म्हणजे वर्षाचा भात गेला. एकटीनं एका दिवसात ते खाचर होणं शक्य नव्हतं. हे सगळं मला मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं. तेवढंच सांगायचं होतं, पण मी ऐकून थांबलो असतो तर ना.

सखूआत्या भाकरी मोडत सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “भागे, उद्या मी तुज्याकडं येते गं. माजा गुडघा घरी बसून ठनकतो, चिखलात बरा ऱ्हातो.”

दुसरी एक म्हणाली, “माजं थोडं रोप उरलंय. टाकून देन्यापरीस तुज्यात खपवू.”

तिसरा म्हणाला, “आन् तुजा तांबडा कोंबडा लई दिवस डोळ्यात हाय बग माज्या.”

भागाबाईच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. “कापनीला मी कुटं आसंल, ठावं न्हाई. कसं फेडू?”

“कापनीचं कापनीला बघू,” सखूआत्या म्हणाली. “कोंबडा तर काप.”

भागाबाई खाली बघत भाकरीचा तुकडा कुस्करत होती. हो म्हणायच्या अगदी बेतात होती, हे आता मला कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझं अख्खं व्याख्यान माझ्यासमोर चिखलात बसून जेवतंय. मी उठलो. पाठीमागून मी सबंध चिखलानं माखलेलो होतो, पण पुढून ठीक होतो.

“बंधूंनो आणि भगिनींनो! राष्ट्र मोठं होतं ते कशानं? सोन्यानं नव्हे, सैन्यानं नव्हे! या निराधार भगिनीला, परतफेडीची कसलीही अपेक्षा न ठेवता, तुम्ही आज जो मदतीचा हात...”

“निराधार कोन?”

भागाबाई उभी राहिली होती.

“माजा मानूस जित्ता हाय. आन् परतफेड न्हाई म्हंजी वो काय? भागीनं आजपत्तोर कुनाचा दिवस बुडीवला? इचारा हितं कुनालाबी.” तिनं पाठीवरचा प्लास्टिकचा कागद ओढून घेतला. “उद्या माज्या बांधावर कुनी पाय ठिवायचा न्हाई. माजं मी बघंन.” आणि ती भाकरी तशीच टाकून चालायला लागली. तिला दोघींनी हाका मारल्या, पण तिनं वळून पाहिलं नाही.

सखूआत्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. “पाव्हनं, दही लागत आलं हुतं. तुमी हलवून बगितलं.”

आयुष्यात मी टाळ्यांविना बरीच व्याख्यानं संपवली आहेत, पण एखाद्याचा वर्षाचा भात संपवणारं हे पहिलंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिलो, “पण मी वाईट काय बोललो?” मास्तर भिडस्त, ते पावसाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “सर, वाईट नाही बोलला. पण इथं फुकट घेणारा माणूस पुन्हा पंक्तीत ताठ बसू शकत नाही. सगळी तिच्यासाठी गुडघ्याचं, कोंबड्याचं नाटक करत होती. तुम्ही पडदाच ओढला.”

“नाटक म्हणजे, खोटंच ना ते?” मी पुटपुटलो. माझ्यातला चारित्र्यवान अजून मेला नव्हता.

“तुम्ही झोपा आता,” शालन म्हणाली. आमच्या संसारात या वाक्यानंतर वाद होत नाही.

भागाबाईचं खाचर

सकाळी शालन जुनी साडी खोचून तयार होती. “चला.” कुठे, ते मी विचारलं नाही.

भागाबाई एकटीच होती. रोपाच्या जुड्या डोक्यावरून आणून खाचरात फेकत होती. खाचर एवढं मोठं आणि ती एवढीशी. आम्हाला बघून तिनं पाठ फिरवली.

शालन बांधाच्या अलीकडेच थांबली. “भागाबाई, माझं एक काम आहे तुमच्याकडं.”

“काय?”

“दिवाळीला चकल्या करायच्या असतात. माझं मनगट गेलंय, सोऱ्या फिरत नाही. एक दिवस याल का पुण्याला? त्या बदल्यात आज मी तुमच्याकडं.”

भागाबाईनं तिच्या मनगटाकडे पाहिलं. “मनगट गेलंय, तर आवनी कशी करनार?”

आता संपलंच, असं मला वाटलं. शालन जरासुद्धा डगमगली नाही. “डाव्या हातानं.”

भागाबाई हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण हसताना तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. मग जरा विचार करून म्हणाली, “दिवाळीचं कबूल न्हाई करत. मानूस उठला तर येईन. न्हाई उठला तर शिमग्याला येईन, पापड लाटू. पन येईन.”

“चालेल.”

“जेवान माजं.”

“ते तर तुमचंच.”

“आणि मी?” मी विचारलं.

भागाबाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “बोलनार न्हाई म्हना, मंग उतरा.”

उतरलो. घोट्यावर चिखल, चिखलावर पाणी, पाण्यात माझी अब्रू. रोपाच्या तीन-चार काड्या चिमटीत धरायच्या, अंगठ्यानं चिखलात खोचायच्या, मागे सरायचं. ऐकायला सोपं आहे. माझं रोप मी हात काढला की वर यायचं आणि तरंगत माझ्याच पायाशी यायचं. शालनचं मात्र उभं राहत होतं. डाव्या हाताचं ती साफ विसरली होती, आणि भागाबाईनंही तिला आठवण करून दिली नाही.

तासाभरानं बांधावर पाय वाजले. सखूआत्या होती, आणि तिच्यामागे कालची सगळी सावड; आमचं सकाळचं बोलणं शेजारच्या बांधावरून गावभर झालं होतं. पण बांध कुणी ओलांडला नाही. सगळी पलीकडे ओळीनं उभी राहिली. भागाबाईनं वाकल्यावाकल्याच पाहिलं आणि पुन्हा रोप लावू लागली.

सखूआत्या म्हणाली, “भागे, पुन्याच्या बाईला शिमग्याचा वायदा चालतो. मंग आमी काय घोडं मारलं? आमीबी शिमग्यापत्तोर थांबतो. माज्या भाच्याचं लगीन हाय तवा, भाकरी थापाया ये.”

“माज्याकडं कुडाच्या भिंतीला शेनकाला लावायचाय,” दुसरी म्हणाली. तिसऱ्यानं कौलं चाळायची आठवण काढली आणि लगेच जीभ चावली.

रोप लावण्याचा चुबुक-चुबुक आवाज तेवढा येत होता. तोंड उघडावं, काहीतरी थोर बोलावं, अशी उबळ आली. शालननं माझ्या पोटरीवर चिखलाचा गोळा मारला. मी गिळलं.

“उभ्या काय ऱ्हायल्या?” भागाबाई मान वर न करता म्हणाली. “रोप सुकतंय तिकडं.”

सगळी एकदम खाली उतरली. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला गेलो तर चष्मा चिखलात पडला, आणि तो शोधण्यात माझी अर्धी ओळ माझ्याच गुडघ्यांखाली गेली. भागाबाई माझ्या मागून येत होती. ती अधूनमधून थांबून माझ्या ओळीकडे वाकून बघायची. कौतुकानं, असं मला वाटलं.

ऊन नव्हतंच, पण दिवस कलायच्या आत खाचर हिरवं झालं. ही माणसं काही देवमाणसं नव्हेत, हेही सांगितलं पाहिजे. एकीनं धडधाकट सुनेऐवजी म्हाताऱ्या सासऱ्याला पाठवलं होतं आणि त्यावरून जेवताना खरपूस भांडण झालं. पण तांबडा कोंबडा कापला होता, रस्सा झणझणीत होता, आणि वाढताना भागाबाईचा हात आखडत नव्हता. संध्याकाळच्या गाडीला तिला सोडायला सगळा गाव आला. ती खिडकीत बसली तेव्हा तिची मान ताठ होती. माझ्या पाऊण तासात जी थोरवी मला कधी दाखवता आली नव्हती, ती मला त्या एसटीच्या खिडकीत दिसली, आणि मी ते कुणालाही बोललो नाही.

पुणे

दिवाळीला भागाबाई आली नाही. शालननं चकल्या केल्या, स्वतःच सोऱ्या फिरवला आणि अवाक्षर काढलं नाही. मला मात्र चैन पडेना. मास्तरांना फोन केला की ते म्हणायचे, “अजून खाटेवरच आहे हो.”

शिमग्याच्या आधी एका सकाळी बेल वाजली. दारात भागाबाई, आणि तिच्यामागे काठी टेकत एक उंच, वाळलेला माणूस. तिचा नवरा किसन. तिच्या खांद्याला नव्या तांदळाची पिशवी. “खाचरातला हाय,” ती म्हणाली आणि पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेली. पाणीसुद्धा मागाहून प्याली. दिवसभर दोघी पापड लाटत होत्या. किसनराव गच्चीत पापड उलटायच्या कामावर बसले आणि आमच्या सोसायटीकडे बघून म्हणाले, “एवढी मानसं राहत्यात, मंग दिवसा जात्यात कुटं?”

निघायच्या वेळी मला पुन्हा मोठेपणाचा झटका आला. जित्याची खोड, दुसरं काय. मी म्हटलं, “भागाबाई, फिटंफाट झाली बरं का. शालनचा दिवस तुम्ही दिलात. माझा दिवस राहू द्या. तो मी सोडला.”

भागाबाई चप्पल घालता घालता थांबली. “तुमचा कंचा दिवस?”

“मी नाही का आलो होतो आवणीला? अख्खी ओळ लावली.”

“ती ओळ सगळी वर आल्ती,” भागाबाई म्हणाली. “मी तुमच्या मागनं परत लावली. तुमचा दिवस धरलाच न्हाई. उलट माजाच अर्धा दिवस तुमच्याकडं निगतो.”

शालन दाराला धरून हसली. किसनराव काठीवर भार देऊन हसले. मलाही हसू आलं, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. आजवर गावोगाव मला शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘आपले उपकार कसे फेडावेत’ असं ऐकायला मिळालं. तुमच्याकडे काही निघतं, असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्याच्याकडे निघतं तो परका नसतो, एवढं त्या गावानं मला शिकवलं होतं.

“मग मी कधी देऊ?” मी विचारलं.

“आवनीला या. खाचरात नगा उतरू. बांधावर बसून जुड्या फेका. तेवडं जमंल तुमाला.”

काल एका व्याख्यानमालेचे चिटणीस फोनवर होते. मोठं शहर, मोठं सभागृह, जुलैचा पहिला आठवडा, विषय माझाच. मी म्हटलं, त्या आठवड्यात मला जमणार नाही, राजूरच्या वर एका बाईचा अर्धा दिवस माझ्याकडे निघतो.